कुंकू लावलेलं कपाट

वाचकहो, आपल्या गावातल्या शाळेच्या ऑफिसात एकदा डोकावून पाहा. हेडमास्तरांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट उभं असतं. ते कोणी उघडताना तुम्ही कधी पाहिलंय का? छिंदवाड्याकडच्या सौसरच्या मुलींच्या मिडिल शाळेतही असं एक हिरवं कपाट होतं. दारावर कुंकवाची पाच बोटं, कडीला सुकलेली झेंडूची माळ आणि किल्लीला लाल धागा. सरकारनं विज्ञानाच्या प्रयोगांचं सामान धाडलं, त्या वर्षी दसऱ्याला त्याची पूजा झाली, आणि मग दर दसऱ्याला होतच राहिली. आत काय आहे ते स्टॉक रजिस्टरात लिहिलेलं होतं. डोळ्यांनी कोणी पाहिलं नव्हतं.

त्या शाळेत नलिनीबाई चौदा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. आपल्या भागात मास्तरणीला बहनजी म्हणतात, म्हणून मुलींच्या त्या नलिनी बहनजी. शिकवायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. फळ्यावर डावीकडे लिहायचं ‘कृती’, मधे ‘निरीक्षण’, उजवीकडे ‘निष्कर्ष’. मग खुर्चीवर बसून सांगायचं, “लिहा गं. निरीक्षण : मेणबत्ती विझली व पाणी ग्लासात वर चढले.” चाळीस पोरी माना खाली घालून लिहीत. मेणबत्ती नाही, पाणी नाही, ग्लासही नाही, पण निरीक्षण मात्र वहीत! पहिल्या वर्षी बाईंना हे खटकलं होतं. दुसऱ्या वर्षी थोडं कमी. पुढे काही खटकेनासंच झालं. थंडीत हात गारठला की चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं. घरी वरणात मीठ राहिलं तरी त्या जेवून उठत. सासूबाई केसरबाई म्हणत, “नलू, तू जेवून राहिली का नुसती भरून राहिली?” बाई ताट उचलून मोरीत ठेवत.

तर साल होतं शहाऐंशीच्या आसपासचं, डिसेंबर महिना. हेडमास्तर रघुनाथराव छिंदवाड्याहून शिबिर करून परतले ते कागदाची एक सुरळी हातात घेऊनच. टोपी टेबलावर आपटून म्हणाले, “बहनजी, आपली मान खाली गेली! परदेशातल्या कोण्या संस्थेनं पंधरा-वीस देशांतल्या पोरांची विज्ञानाची परीक्षा घेतली होती म्हणे. तिथं साहेबानं यादी वाचून दाखवली. हा देश पहिला, तो दुसरा. मी वाट पाहून राहिलो, आता आपलं नाव येईल, मग येईल. आलं! थेट तळाशी!”

नलिनीबाई स्वेटर विणत होत्या. एक सुलट, दोन उलट. “हो का,” त्या म्हणाल्या.

“हो का? एवढंच? रक्त उसळत नाही तुमचं?”

बाईंनी टाके मोजले. एकोणसाठ. रक्ताचं त्यांना काही जाणवलं नाही.

रघुनाथराव माणूस वाईट नव्हता, वाचकहो. पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाताना त्यांचे डोळे भरून येत. पण दुखावलेला माणूस कधीकधी आपलं दुखणं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. त्यांनी ठरवलं, देशादेशांत जी चढाओढ झाली ती आपल्या गावागावांत लावायची. लाज वाटली की पोरी अभ्यास करतील! वीस प्रश्न त्यांनी स्वतः काढले. शाळेत सौसरच्या पोरी होत्या, लोधीखेड्याच्या, मोहगावच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या. परीक्षा सातवीच्या चाळीसही जणींची, पण यादी गावाच्या नावानं लावायची.

कागद तपासले नलिनीबाईंनी. वीसपैकी आठ प्रश्नांच्या शेवटी होतं, ‘काय दिसेल?’ ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून वर ग्लास पालथा घातला तर काय दिसेल? भिंगातून उन्हाचा कवडसा कागदावर पाडला तर काय दिसेल? एकोणचाळीस कागदांवर उत्तर एकच होतं, जसं सांगितलं होतं तसं, शब्दाला शब्द. बाईंची लाल पेन्सिल बरोबरच्या खुणा करत पुढे गेली. चाळिसावा कागद आला. सातवीतली सुधा, गाव बोरटेक. आठही प्रश्नांखाली तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मी हे पाहिलेलं नाही.’ आणि शेवटच्या प्रश्नाखाली एक ओळ जास्त : ‘पाहिलं की लिहीन, बहनजी.’

पेन्सिल क्षणभर थांबली. मग आठ शून्यं काढून पुढे सरकली.

बोरटेक म्हणजे मोहगावच्या रस्त्यावरून आत गेलं की टेकडीखालची पन्नास घरं. तिथून शाळेत येणारी मुलगी एकच, सुधा. त्या एका पोरीच्या एका कागदावर अख्खं गाव यादीत शेवटी जाऊन बसलं. रघुनाथरावांनी यादी फळ्यावर मोठ्या अक्षरांत काढली आणि बाजाराच्या दिवशी शाळेसमोरच्या निंबाला टांगली. तिकडूनच खेड्यांतली माणसं बाजाराला जात.

सुधाचा बाप नत्थूजी त्या दिवशी वांगी घेऊन बसला होता. एकानं फळा वाचला, त्यानं दहा जणांना सांगितलं. “काय बा बोरटेकवाले!” एक गिऱ्हाईक पाटीसमोर उकिडवं बसत म्हणालं. “शेवटच्या नंबरच्या गावचे वांगे हायेत, तं भाव बी शेवटचाच लावा ना!” आजूबाजूचे फिदीफिदी हसले. नत्थूजीनं वांगी तोलून दिली.

तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला. पागोटं काढून हातात धरलेलं.

“बहनजी, पोरीचं नाव काटून द्या.”

“का बरं?”

“गाव म्हणून राहिलं, नत्थूच्या पोरीनं गावाचं नाक काटलं. बाकीच्याइच्या पोरी शाळेचं तोंड पाहत नाहीत, त्याइचं नाक शाबूत हाय. माही एक येत होती, तं तिनं काटलं म्हणतात!” तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “तिची आत्या शकुबाई पांढुर्ण्याले लहान-मोठी संत्रं निवडाच्या कामावर हाय. तिच्यापाशी धाडून देल्ली परवा. तिथं कामाचा माणूस लागतेच. कागद तेवढा द्या, म्हणजे घोर मिटला.”

नलिनीबाईंनी दाखल्याचा फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक. वर्तणुकीपुढे त्यांनी ‘चांगली’ लिहिलं. “बडे गुरुजी सोमवारी येतील. त्यांची सही झाली की घेऊन जा,” त्या म्हणाल्या. नत्थूजीनं हात जोडले. बाईंनी हजेरीपटात सुधाच्या नावावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वेटर विणायला घेतला आणि बाहीचे टाके तीनदा चुकले. हे का होतंय ते त्यांना कळलं नाही.

रविवारी विठ्ठलाच्या देवळात सप्ताहाची समाप्ती होती. काल्याचं कीर्तन सकाळी. केसरबाईंनी सुनेच्या हातातली लोकर काढून घेतली. “चाल. सात दिवस झाले, मी एकटी जाऊन राहिली. आज पुंडलिकबुवा उभे राहून राहिले. तू काही ऐकू नको, नुसती बसून राह्य. पण चाल!”

पुंडलिकबुवा मोहगावचे. संत्र्याची बाग राखायचे आणि वर्षातून पन्नास कीर्तनं करायचे. कीर्तनाला एक पै घेत नसत. उंच, काळेसावळे, आवाज असा की देवळाबाहेर बांधलेली गुरंसुद्धा कान टवकारत. ज्यांनी असं कीर्तन ऐकलंय त्यांना काय सांगायचं! टाळ एका लयीत पडायला लागले की माणूस आपल्या घरचं नाव विसरतो. त्या सकाळीही टाळ पडत होते, पण मृदंगाचा हात मागे राहत होता. बुवांनी मान वळवली. “नत्थूजी, आज हात जड पडून राहिला का बा?”

नलिनीबाईंनी बायकांच्या रांगेतून मान उंच करून पाहिलं. मृदंगावर तोच नत्थूजी होता. बुवांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चिपळ्या थांबवून कथा लावली.

“ऐका मंडळी! एका गावाले देवाची मोठी जत्रा भरली. गर्दी अशी का मुंगीले पाय ठेवाले जागा नाही. दाराशी देवळाचा कारकून बसला वही घेऊन. बाहेर निघणाऱ्या हरेकाले विचारे, दर्शन झालं? तं जो तो म्हणे, झालं महाराज! डोळे भरून झालं! काय तो मुकुट, काय ती कुंडलं, काय तो पिवळाधमक पीतांबर! कारकून लिहून घे. उत्तम. उत्तम. उत्तम. शेवटी आली एक मोळीवाली. कारकून म्हणे, दर्शन झालं? ते म्हणे, नाही बा. मले तं पुढच्या माणसाची पाठ दिसली. देव मी पाहिला नाही. कारकुनानं कपाळाले हात लावला अन् लिहिलं, सगळ्यात शेवटी, मोळीवाली!”

लोक हसले. बुवांनी एक बोट वर केलं.

“सांजच्याले पुजारी आला धावत. म्हणे, अहो कारकून, घोटाळा झाला! देवाचा पीतांबर तं आज धोब्याकडे होता. देव दिवसभर पांढऱ्या धोतरावर उभा होता!”

देऊळ हसून फुटलं. केसरबाईंना ठसका लागला. बुवा मात्र हसले नाहीत. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “मायबाप, हजार माणसानं जे म्हटलं ते पाठ केलेलं होतं. खरं बोलली ते एक. अन् तिलेच आपण शेवटी बसवलं! त्या राती देव पुजाऱ्याच्या सपनात आला. म्हणे, ज्याइले मी दिसलो त्याइचं होऊन गेलं. जिनं म्हटलं मी पाहिला नाही, तिले उद्या पहिली आत सोडा. मले तिच्याच भेटीची ओढ हाय!”

मृदंग बंद पडला होता. नत्थूजीनं दोन्ही हात मृदंगावर पसरून डोकं खाली घातलं होतं. नलिनीबाई ताठ बसून होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे कागद सरकत होते. एक, दोन, एकोणचाळीस. सगळ्या कागदांवर पिवळाधमक पीतांबर. आणि त्या सगळ्यांना लाल पेन्सिलीनं ‘बरोबर’ लिहून देणारा कारकून कोण?

हंडी फुटली. दही, लाह्या, कोणाच्या घरची डाळ, कोणाच्या घरचं लोणचं, सगळं एका परातीत कालवून बुवा स्वतः वाटत होते. नलिनीबाईंच्या ओंजळीत काला पडला तेव्हा त्या पुढे सरकल्या नाहीत. मागच्या बायका कुरकुरल्या.

“बुवा, तुम्हाला सुधाचं कळलं होतं?”

“नत्थूजी माहा मृदंगी हाय, बहनजी. त्याच्या हातावरून मले त्याच्या घरचं कळते. अन् कागदावर काय लिहिलं, ते जातानी सुधाच मले सांगून गेली.” त्यांनी परात दुसऱ्याच्या हाती दिली आणि बाईंना खांबापाशी घेऊन आले. “बोला.”

“तुमची कथा गोड आहे. पण यादी खोटी नाही ना! आपला देश तळाशी आला, हे तर खरं आहे? ते पण झाकून ठेवायचं का?”

“झाकाचं कायले?” बुवा खांबाला टेकले. “माह्या बागेत संत्रं तोडलं का कड्यातून पास करतात. लोखंडी कडं असते, लहान-मोठं. ज्या कड्यातून फळ निघालं त्या पेटीत ते गेलं. आता कडं काय सांगते? फळ केवढं हाय ते सांगते. गोड हाय का आंबट, ते सांगत नाही. अन् कोणत्या जमिनीचं, कोणत्या पाण्याचं, ते तं बिलकुल सांगत नाही. मंग मी कडं फेकून देऊ का? नाही! कडं मले कामाचं हाय. एका झाडाचे सगळेच फळं बारीक निघाले, तं मी काय करतो? फळाले शिव्या देतो? झाडाले फळा टांगतो, का हे झाड सगळ्यात मागं?”

नलिनीबाई नकळत म्हणाल्या, “नाही.”

“मी बुंध्यापाशी बसतो. डिंक्या रोग लागला का, खोडातून डिंक वाहते का पाहतो. आळ्यात पाणी पोचलं का पाहतो. बारीक फळ म्हणजे झाडाची बोंब हाय, बहनजी, का मले पाणी नाही भेटलं! तुमच्या त्या यादीत जो देश वर आला, तिथच्या पोरीनं भिंग हातात घेतलं असंन, ग्लास पालथा घालून पाहिला असंन. आपल्या पोरीनं काय केलं?” बुवा थांबले. मग ओशाळं हसले. “अन् मी कोणाले सांगून राहिलो! दोन वर्षाआधी दसऱ्याले तुमच्या शाळेत भजनाले मीच आलो होतो. त्या कपाटाले कुंकवाचं बोट मी बी लावलं. आत काय हाय, हे मी बी नाही विचारलं. देवापुढं पडदा असते, तो बी दिवसातून चार वेळा सरकते. तुमचं कपाट तं कधी सरकलंच नाही!”

तळहातावरचा काला दह्यानं गार लागत होता. बाईंना तो गारवा जाणवला, हे त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी काला तोंडात टाकला. मीठ जरा जास्त पडलं होतं.

सोमवारी सकाळी प्रार्थनेआधीच त्या रघुनाथरावांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“गुरुजी, कपाटाची किल्ली द्या.”

“कायले? दसरा तर झाला.”

“प्रयोग करायचा आहे.”

रघुनाथराव दचकले. “काचेचं सामान आहे ते! फुटलं तर रजिस्टरात काय लिहू? इन्स्पेक्टर साहेब मलेच विचारतील. दोन वर्षांनी रिटायर होऊन राहिलो मी. आजवर एक नग इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून!”

“एक नग इकडचा तिकडे झाला नाही, म्हणूनच आपण तळाशी आहोत, गुरुजी!” बाईंचा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर घंटेपाशी उभा असलेला चपराशी वाकून पाहू लागला. चौदा वर्षांत तो आवाज कोणी ऐकला नव्हता, स्वतः बाईंनीही नाही. “तुम्ही फळा टांगला, मी शून्यं दिली. ती पोरगी खरं बोलली आणि आपण तिला गावासकट शेवटी बसवलं. आठ प्रयोग आहेत, मी चौदा वर्षं सांगत आले. त्यातला एकही मी स्वतः पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?”

रघुनाथराव किल्लीच्या लाल धाग्याशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, “मी तीस वर्षं शिकवलं. मी पण लिहूनच देत होतो.”

त्यांनी धागा सोडला. कडी गंजली होती. चपराश्यानं दगडानं ठोकली तेव्हा कुठे दार करकरत उघडलं. आत गवतात गुंडाळलेले ग्लास, काचेच्या नळ्या, दोन भिंगं, मेणबत्त्यांचा पुडा. सामान आलं त्या दिवशी जसं होतं तसंच.

ताटली चहावाल्याकडून आणली. त्यात पाणी घातलं, मधे मेणबत्ती उभी केली. काडी ओढली. नलिनीबाईंनी ग्लास पालथा घातला. ज्योत लहान झाली, निळी झाली आणि गेली. आणि मग, वाचकहो, ताटलीतलं पाणी ग्लासात सरसर वर चढलं!

“अगं बाई!” नलिनीबाई ओरडल्या.

रघुनाथराव चष्मा सावरत टेबलावर इतके वाकले की त्यांचं नाक काचेला लागलं. “चढलं... खरंच चढलं की हो!” तीस वर्षं सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा त्या क्षणी विश्वास बसला.

दारात नत्थूजी उभा होता. तो दाखला न्यायला आला होता. ग्लासाकडे पाहत म्हणाला, “हे कोणती जादू करून राहिल्या, बहनजी?”

नलिनीबाईंनी कपाटाशेजारच्या गठ्ठ्यातून सुधाचा कागद काढला. नत्थूजीला वाचता येत नव्हतं. त्यांनी वाचून दाखवलं, आठही वेळा. “मी हे पाहिलेलं नाही. मी हे पाहिलेलं नाही...” शेवटची ओळ त्यांनी सावकाश वाचली. “पाहिलं की लिहीन, बहनजी.”

नत्थूजीनं साधाच प्रश्न विचारला. “पोरगी खरं बोलली. मंग तिले शून्य काऊन?”

“शून्य तिचं नाही, नत्थूजी,” नलिनीबाई म्हणाल्या. “ते माझं आहे. तिच्या कागदावर पडलं एवढंच. मला पांढुर्ण्याला घेऊन चला.”

रघुनाथरावांनी दाखल्याचा फॉर्म उचलला, मधोमध फाडला आणि बाहेर गेले. टोपी काढून, त्याच टोपीनं, निंबावरचा फळा पुसू लागले.

दुपारच्या बसनं दोघं पांढुर्ण्याला उतरली. स्टेशनाच्या मालधक्क्याजवळच्या एका टिनाच्या छपराखाली संत्र्यांचे ढीग पडले होते. बायका ओळीनं बसून कड्यातून फळं काढत होत्या. शकुबाईच्या बाजूला सुधा होती. बहनजींना पाहून ती धडपडून उठली आणि हात मागे लपवले. संत्र्याच्या तेलानं बोटं पिवळी झाली होती.

“माहं काही चुकलं का, बहनजी?”

“नाही गं. माझं चुकलं. बस इथे.”

बाईंनी एक रिकामी पेटी उलटी केली आणि पिशवीतून ताटली, मेणबत्ती, ग्लास काढला. शकुबाईनं घागरीतलं पाणी दिलं. “मास्तरीण दिवा लावून राहिली, या वो माय!” करत आजूबाजूच्या बायका जमल्या. मुकादम ओरडला, मग तोही येऊन मागे उभा राहिला. बाईंनी काडीपेटी सुधाच्या हातात दिली.

“तूच कर.”

सुधानं मेणबत्ती पेटवली, ग्लास पालथा घातला आणि हनुवटी पेटीवर टेकवून पाहू लागली. पाणी चढलं. बायकांनी ‘अवो!’ केलं. सुधानं काही केलं नाही. “एकडाव अजून करू?” तिनं तीनदा केलं. मग मान वर केली.

“बहनजी, तुमी सांगतलं होतं त्याच्यात एक गोष्ट नव्हती.”

“कोणती?”

“आधी ग्लासाच्या काठाखालून बुडबुडे बाहेर निघतात. मेणबत्ती जळून राहिली तोवर पाणी नाही चढत, थोडंसंच हलते. ते विझली, का मंग झपकन चढते. तीनही डाव असंच झालं.” ती जरा थांबली. “असं काऊन होते?”

नलिनीबाईंनी ग्लासाकडे पाहिलं. सकाळी त्यांनीही पाहिलं होतं, पण बुडबुडे दिसले नव्हते. त्यांनी पाहिलं होतं ते फळ्यावर लिहिलेलं. चौदा वर्षांत कुठल्या मुलीनं त्यांना ‘असं काऊन’ विचारलं नव्हतं. विचारणार कशी? पाहायलाच कोणाला मिळालं नव्हतं.

“मला माहीत नाही, सुधा,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं. आता उच्चारलं आणि डोळे आपोआप वाहू लागले. कितीतरी वर्षांनी. “उद्या शाळेत ये. आपण दोघी शोधू.”

सुधानं बापाकडे पाहिलं. नत्थूजी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत होता. “पाहून काय राहिली? पाटी-पुस्तक तं घरीच हाय,” तो म्हणाला. “चाल, गाडी चुकंन.”

निंबावर फळा अजूनही टांगतात, पण त्यावर आता गावांची नावं नसतात. वर लिहिलेलं असतं, ‘आज काय पाहिलं?’ आणि खाली एका मुलीचं उत्तर. पहिल्या दिवशी बुडबुड्यांचं होतं. बाजाराला जाणारी माणसं थांबून वाचत आणि घरी जाऊन ताटलीत दिवा लावत. पुढच्या जूनमध्ये बोरटेकहून चार मुली शाळेत आल्या.

पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी कपाट उघडलं तर आत एक ग्लास कमी होता. लोधीखेड्याच्या एका मुलीच्या हातून फुटला होता. रघुनाथरावांनी स्टॉक रजिस्टरात त्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘वापरताना फुटला’, आणि सही ठोकली. पुंडलिकबुवा भजनाला आले होते. त्यांनी कुंकवाचं बोट दाराला लावलं नाही. आत हात घालून भिंगाला लावलं. केसरबाई मागून म्हणाल्या, “आता दर्शन झालं बा!”

बंधु-भगिनींनो, देशादेशांच्या याद्या पुढेही निघतील. कधी आपण वर असू, कधी खाली. त्या वाचाव्यात आणि झाकू नयेत. पण यादी आपली पायरी सांगते, आपली लायकी सांगत नाही. खालची पायरी दिसली तर बुंध्यापाशी बसून पाहावं, पाणी कुठे अडलंय. आणि ‘मी पाहिलं नाही’ असं खरं सांगणारं लेकरू आपल्या घरात, आपल्या वर्गात असेल, तर त्याला शेवटी बसवू नका. देव त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याला पहिलं आत सोडा!